सांताक्रूझच्या गॅलरीतून आयडलवाइल्डला : बाबांबरोबर चार दिवस

आमच्या पार्ल्याच्या घरात माळ्यावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात बिस्किटं मी कधीच पाहिली नाहीत. विमान कंपन्यांची वेळापत्रकं, बॅगांना चिकटवायची रंगीत लेबलं, एक मेन्यूकार्ड, काही पोस्टकार्डं. शाळेत असताना बाबा शनिवारी अर्ध्या दिवसानंतर लोकलनं चर्चगेटला जायचे आणि विमान कंपन्यांच्या कचेऱ्यांत शिरून काउंटरवरच्या बाईंना विचारायचे, "टाइमटेबल मिळेल का?" मिळायचं. हाफ पँटमधला मुलगा तिकीट काढणार नाही हे त्या बाईंना कळत असणारच, पण मोठ्या गिऱ्हाइकाला देतात तसं त्या घडी उलगडून दाखवून द्यायच्या. बाबा हे अजून सांगतात.

त्याच डब्यात काकांचं, म्हणजे बाबांच्या दादाचं, ऑगस्ट १९६१ मधलं पत्र आहे. दादा एम.एस. करायला अमेरिकेला गेले, न्यूयॉर्कच्या आयडलवाइल्ड विमानतळावर (आताचा केनेडी) उतरले, आणि पहिल्याच पत्रात शेवटी लिहिलं : "इथे विमानतळावर एक अजब इमारत बांधत आहेत. छप्पर पंख पसरलेल्या पक्ष्यासारखे, सगळे काँक्रीटचे. तुला बघायला आवडेल. काचा अजून बसवायच्या आहेत."

बाबा तेव्हा १९ वर्षांचे, व्हीजेटीआयला सिव्हिलच्या वर्गात. २०२४ मध्ये ८२. मधल्या काळात अमेरिकेला दोनदा जाऊन आले, पण ती इमारत राहिली. टीडब्ल्यूए या अमेरिकन विमान कंपनीच्या टर्मिनलची ती इमारत २००१ पासून बंदच होती आणि आता तिचं हॉटेल झालंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये माझ्या धाकट्या भावाकडे न्यू जर्सीत एडिसनला महिनाभर मुक्काम होता. त्यातले चार दिवस मी बाबांसाठी काढले. खरं म्हणजे माझ्यासाठीही.

दिवस पहिला : खांब फक्त चार

भावानं दुपारी एकला दारात सोडलं. दार ढकलून आत गेलो आणि बाबा जागीच थांबले. मागून बॅगा ओढत येणारी माणसं आम्हाला वळसा घालून पुढे जात होती. बाबांची मान वर.

"खांब फक्त चार आहेत," पाचेक मिनिटांनी ते म्हणाले.

खरंच चार. इंग्रजी वाय अक्षरासारखे, पण झाडाच्या बुंध्यासारखे वर जाताना फाकत गेलेले. त्यांच्यावर काँक्रीटचे चार प्रचंड शिंपले, मधोमध एकमेकांना टेकलेले. शिंपल्यांच्या मधल्या फटींत काच आणि त्यातून पट्ट्यापट्ट्यांनी उतरणारा उजेड. बाबांनी मला हाताची बोटं जुळवून दाखवलं : चौघंही एकमेकांच्या भरवशावर उभे आहेत, एक काढला की बाकीचे तीन उभे राहणार नाहीत. बाबांची सगळी नोकरी पूल आणि पाण्याच्या टाक्या बांधण्यात गेली. ते खांबापाशी गेले, तळवा टेकवला, आणि म्हणाले, "याचं सेंटरिंग ज्या सुतारांनी केलं ना, त्यांना नमस्कार. हे ओतणं नंतरचं. आधी ते लाकडात वळवायचं."

एरो सारिनेन या फिनलंडमध्ये जन्मलेल्या वास्तुविशारदानं टीडब्ल्यूए कंपनीसाठी १९५६ पासून ही इमारत रेखाटली. २८ मे १९६२ ला ती उघडली. सारिनेन तेव्हा नव्हता. १ सप्टेंबर १९६१ ला, एक्कावन्नाव्या वर्षी, तो गेला. काका त्याच्या जेमतेम पंधरवडा आधी उतरले होते. बाबांना हे ठाऊक नव्हतं. मी सांगितल्यावर ते काही बोलले नाहीत, फक्त पुन्हा वर पाहिलं.

आत कोपरा नावाची गोष्ट नाही. जमीन वर येते आणि तिचा बाक होतो, बाक वळतो आणि त्याचा कठडा होतो. सगळ्यावर नाण्याएवढ्या गोल पांढऱ्या फरशा. मध्ये दोन-तीन पायऱ्या खाली उतरून लाल बैठकींचा खोलगट दिवाणखाना, आणि त्याच्यासमोर इटालियन बनावटीचा तो जुना फलक, ज्यावर गावांची नावं पत्त्यांसारखी पलटतात. अधूनमधून तो एकदम खटखटखटखट करत सगळा बदलतो. तिथे बसलेली लहान मुलंसुद्धा त्या आवाजानं बोलायची थांबतात. ती गावं खरी, पण विमानं आता तिथून सुटत नाहीत. तरी आम्ही दोघंही तासभर तो वाचत बसलो.

बांधून पूर्ण होईपर्यंतच ही इमारत जुनी व्हायला लागली होती, हे मनाला फार लागतं. ती रेखाटली पंख्याच्या विमानांच्या दिवसांत. ऑक्टोबर १९५८ मध्ये जेट विमानं अटलांटिक ओलांडू लागली, ती मोठी होती, माणसं जास्त आणत होती. १९७० मध्ये जंबो आलं. मग १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची आणि बॅगेची तपासणी सुरू झाली, आणि जिथून रमतगमत विमानाकडे चालत जायचं अशा या इमारतीत तपासणीची यंत्रं ठेवायची कुठे, असा प्रश्न पडला. १९९४ मध्ये शहरानं तिला वारसा म्हणून संरक्षण दिलं म्हणून ती वाचली. याच विमानतळावर पॅन ॲम या दुसऱ्या अमेरिकन विमान कंपनीचं बशीसारख्या छपराचं टर्मिनल होतं, १९६० चं. ते २०१३ मध्ये पाडायला घेतलं. बाबांच्या डब्यात त्याचं पोस्टकार्ड आहे.

खोल्या मागच्या दोन नव्या इमारतींत आहेत. तिथे जायला लाल गालिच्याच्या दोन गोलाकार नळ्यांतून चालावं लागतं. पूर्वी याच नळ्यांतून प्रवासी विमानाकडे जात. चढ अगदी हलका आहे, पलीकडचं टोक सुरुवातीला दिसत नाही. बाबा गुडघ्यांमुळे हळू चालतात, पण इथे ते मुद्दाम हळू चालत होते.

खोलीत तबकडी फिरवायचा फोन आहे आणि तो चालतो. बाबांनी रिसेप्शनला लावला आणि जास्तीचा टॉवेल मागितला. टॉवेल घेऊन आलेल्या बाई गयानाच्या निघाल्या, विमानतळाजवळच रिचमंड हिलला राहणाऱ्या. त्यांचे पणजोबा उसाच्या मळ्यात काम करायला हिंदुस्थानातून जहाजानं गेले होते. "तुम्ही विमानानं आलात, ते तीन महिने बोटीत होते," त्या म्हणाल्या. मग बाबांच्या पाया पडल्या. आमच्यापैकी कुणालाच काय बोलावं ते सुचलं नाही. बाबांनी त्यांना बॅगेतला तिळाचा लाडू दिला.

इमारतीत टीडब्ल्यूएच्या हवाई सुंदरींचे गणवेश काचेत मांडले आहेत. शिवण सुंदर, टोप्या सुंदर. पण मी बाई आहे, मला ते नुसते कपडे म्हणून बघता येईनात. अमेरिकेतल्या बहुतेक कंपन्यांत त्या काळी लग्न केलं की नोकरी सोडायची, बऱ्याच ठिकाणी बत्तिशी-पस्तिशी गाठली तरी सोडायची, असा नियम होता. आपल्या एअर इंडियातही पहिल्यांदा गरोदर राहिल्यावर नोकरी संपवणारा नियम होता. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी त्याविरुद्ध लढल्या, आणि १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला. पस्तिशीत निवृत्तीचा नियम मात्र टिकला. त्या काळाचं गोड कौतुक करताना ही शिवण उसवूनही पाहायला हवी.

संध्याकाळी "कॉनी"मध्ये गेलो. इमारतीमागे खऱ्या फरसबंदीवर लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान उभं आहे, १९५८ चं, त्या घराण्यातलं शेवटचं, स्टारलायनर. पाठ माशासारखी वळलेली आणि शेपटीला तीन पंख. प्रवासी सेवेतून निवृत्त झाल्यावर ते अलास्कात मालवाहतूक करत होतं, मग दक्षिण अमेरिकेत गांजाच्या चोरट्या वाहतुकीत सापडलं, मग मेन राज्यात वर्षानुवर्षं गंजत पडलं. आता त्यात बार आहे. बाबांनी जिंजर एल घेतलं, मी वाइन.

"मराठा प्रिन्सेस," बाबा खिडकीच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले.

एअर इंडियाची पहिली कॉन्स्टेलेशन विमानं राजकन्यांच्या नावाची होती. ८ जून १९४८ ला मलबार प्रिन्सेस ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं, ती आपली पहिली आंतरराष्ट्रीय सेवा. मग मुघल, राजपूत आणि मराठा प्रिन्सेस. नंतरच्या सुपर कॉन्स्टेलेशन म्हणजे राण्या, झाशीची राणी वगैरे. बाबांनी ही नावं तेव्हा पाढ्यांसारखी पाठ केली होती आणि अजून एकही चुकत नाहीत. एक नाव ते नेहमी आवाज खाली आणून घेतात : काश्मीर प्रिन्सेस. ११ एप्रिल १९५५ ला बांडुंग परिषदेला निघालेल्या त्या विमानात बॉम्ब ठेवला होता. १६ माणसं समुद्रात गेली.

बाबा कधीच कॉन्स्टेलेशनमध्ये बसले नव्हते. त्यांचा पहिला विमानप्रवास १९८९ चा, कामासाठी नागपूरला. विमानांची सगळी माहिती असलेला हा मुलगा तोवर एकाही विमानात चढला नव्हता, आणि इथे ब्याऐंशीव्या वर्षी शेवटी त्याच्या मनातल्या विमानात चढला, ते जमिनीवर उभं असताना. जिंजर एल त्यांनी दीड तास पुरवलं.

जाणाऱ्यांसाठी थोडं : मुक्काम न करताही ही इमारत फुकट बघता येते. विमानतळाच्या एअरट्रेननं पाचव्या टर्मिनलला उतरायचं. आम्ही गेलो तेव्हा जमैका स्टेशनहून साडेआठ डॉलर पडत होते. दुसरं विमान पकडायला मध्ये सहा-सात तास असतील तर खोली काही तासांसाठीही मिळते. आरक्षण करताना धावपट्टीच्या बाजूची खोली मागून घ्या. काच इतकी जाड आहे की विमान दिसतं, ऐकू येत नाही.

दिवस दुसरा : गच्ची, मग ला गार्डिया

सकाळी सातला गच्चीवर. बोचरा वारा होता आणि गरम पाण्याच्या तलावातून वाफा निघत होत्या. त्यामागे धावपट्टी. पाण्यात उतरणारे दोन-तीनच, बाबा कानटोपी आणि शाल घेऊन आरामखुर्चीत. दर दोन-तीन मिनिटांनी एक विमान. पूर्वी आवाजावरून सांगायचे ते आता शेपटीवरून सांगतात, आणि नाही ओळखता आलं तर मला फोनवर बघायला लावतात.

सांताक्रूझला बघ्यांसाठी गॅलरी होती. बाबांचे वडील रविवारी संध्याकाळी या दोघा भावांना घेऊन जायचे, गॅलरीचं तिकीट काढायचे आणि स्वतः पेपर वाचत बसायचे. भाऊ कठड्याला चिकटून. घरी येताना दाणे. आमच्या घराण्याचा हवाई प्रवास म्हणजे पंधराएक वर्षं हाच.

दुपारी न्यूयॉर्कच्याच ला गार्डिया विमानतळाचं मरीन एअर टर्मिनल पाहिलं. बहुतेक लोकांना हे माहीतच नसतं, कारण ते मुख्य इमारतींपासून बाजूला आहे. १९४० मध्ये ते उघडलं ते पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी. पॅन ॲमची बोइंग ३१४, क्लिपर म्हणतात ती, शेजारच्या खाडीत उतरायची. त्या विमानांत झोपायला बिछाने होते आणि जेवणाची वेगळी खोली होती. आपल्याकडेही युद्धाआधी इम्पीरियल एअरवेजच्या उडत्या होड्या ग्वाल्हेरच्या तलावात उतरत.

इमारत छोटी, गोल. बाहेर छपराखाली उडणाऱ्या माशांची नक्षी. आत घुमटाखाली जेम्स ब्रुक्स या चित्रकाराचं "फ्लाइट" नावाचं भित्तिचित्र : १२ फूट उंच आणि २३७ फूट लांब, सबंध गोलाला वेढा घालणारं. पंख लावून उडू पाहणाऱ्या पुराणातल्या माणसापासून क्लिपरपर्यंत. ते १९४२ मध्ये पूर्ण झालं आणि १९५२ मध्ये त्यावर सरळ रंग फासला. १९८० मध्ये रंग काढून ते परत वर आणलं. २८ वर्षं ते भिंतीत होतं आणि त्याखालून लोक ये-जा करत होते.

आम्ही गेलो तेव्हाही हे टर्मिनल वापरात होतं. आम्ही चित्राखाली उभे होतो तेव्हा पाठीवर सॅक घेतलेली मुलं धावत गेटकडे जात होती. एका मुलीनं बाबा वर बघतायत म्हणून वर पाहिलं, थांबली, फोटो काढला आणि पुन्हा धावली. चित्र तपासणीच्या अलीकडे आहे, तिकीट लागत नाही. इथे जाणारी बस मोठ्या टर्मिनलना जाणाऱ्या बसपेक्षा वेगळी असते, तेवढं आधी बघून घ्या.

जेवायला जॅक्सन हाइट्स. स्टेशनबाहेर पडलं की मेथी-कोथिंबिरीचे ढीग, सोन्याची दुकानं आणि पानाची पिंक यांत आपण कुठे आहोत हे क्षणभर विसरायला होतं. एका नेपाळी टपरीवर वाफाळते मोमो घेतले, भाजीचे. बाबांनी आधी "उकडीच्या मोदकाचा तिखट भाऊ" म्हणून एक उचलला, मग दुसरी प्लेट मागवली. चटणीनं डोळ्यांत पाणी. रात्री एडिसनला परत.

दिवस तिसरा : महामार्गाच्या कडेला

वॉशिंग्टनला जायला बसचं आरक्षण केलं होतं. डेलावेअर ओलांडल्यावर बस बंद पडली. दुसरी बस यायला साडेतीन तास लागले, आणि बाहेर धो धो पाऊस. विश्रांतिथांब्याच्या इमारतीत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून राहिलो. म्हातारी माणसं बरोबर असतील तर या मार्गावर थोडे जास्त पैसे घालून रेल्वेच घ्या, एवढंच म्हणेन.

भावजयीनं थालीपिठं दिली होती. ती उघडल्यावर मला सँडविच युद्धाची गोष्ट आठवली, ती बाबांना सांगितली. त्या काळी अटलांटिकपार भाडी सगळ्या कंपन्या मिळून एकच ठरवत, त्यामुळे चढाओढ असायची ती जेवणात आणि आदबीत. एप्रिल १९५८ मध्ये स्वस्तातला इकॉनॉमी वर्ग निघाला, तेव्हा नियम केला की या वर्गात फक्त साधं थंड सँडविच द्यायचं. स्कँडिनेव्हियाच्या एसएएस कंपनीनं त्यांच्याकडच्या पद्धतीचं उघडं सँडविच दिलं : खाली पावाचा तुकडा आणि वर मांस, मासे, चीज यांचा डोंगर. पॅन ॲमनं तक्रार केली. सँडविच कशाला म्हणायचं यावर बैठका झाल्या आणि एसएएसला २०,००० डॉलर दंड झाला. बाबा इतके हसले की समोरच्या बाकावरचे आजोबाही हसायला लागले. त्यांना अर्धं थालीपीठ दिलं.

मग पाऊस बघत बाबांनी मला तो दिवस पहिल्यांदा सबंध सांगितला.

ऑगस्ट १९६१, असाच पाऊस. दादाला पोचवायला चाळीतून २२ माणसं सांताक्रूझला गेली. तीन टॅक्सी, बाकीचे बसनं. दादाच्या अंगात नवा लोकरी सूट, कारण तिकडे थंडी असते असं सगळ्यांनी सांगितलेलं, आणि तो घामानं भिजलेला. गळ्यात इतके हार की हनुवटी दिसेना. तिकिटासाठी आजीच्या पाटल्या गहाण होत्या, सोसायटीचं कर्ज होतं. परकीय चलन सरकार मोजून देई. दादाच्या खिशात ८ डॉलर होते. आजीनं हातावर दही घातलं आणि डिंकाच्या लाडवांचा डबा दिला. विमान होतं बोइंग ७०७. एअर इंडियाची न्यूयॉर्क सेवा सुरू होऊन सव्वा वर्ष झालं होतं. पायऱ्यांवर दादा वळला, पण हारांमुळे हात वर करता येईना, म्हणून त्यानं नुसती मान हलवली. आजोबा त्या दिवशी पेपर न्यायला विसरले होते.

आठ दिवसांनी विमानातलं पोस्टकार्ड आलं. कंपनीच प्रवाशांना ती द्यायची आणि टाकायचीही. नंतर पत्रातून मेन्यूकार्ड आलं. आणि दोन वर्षांनी दादा भेटीला आला तेव्हा कंपनीची खांद्याला लावायची बॅग. ती आजीनं घेतली आणि पार्ल्याच्या बाजारात भाजीसाठी वापरली. "त्या बॅगेतनं दोडकी बाहेर डोकवायची," बाबा म्हणाले. "बाजारात सगळे विचारायचे, आणि आई दर वेळी पहिल्यापासून सांगायची."

मला त्या पावसात वाटलं ते असं : विमानप्रवासाचे ते झगमगते दिवस ज्यांचे म्हणतात, त्यांत आम्ही कधीच नव्हतो. चांदीचे काटे-चमचे, वरच्या वर्गातली खुर्ची हे सगळं दुसऱ्यांचं. पण एक माणूस लांब जातोय म्हणून २२ माणसांनी कामं टाकून पावसात जाणं, हेही त्याच दिवसांतलं आहे आणि ते आमचं आहे. माझा भाऊ अमेरिकेला निघाला तेव्हा मी त्याला ॲप वापरून टॅक्सी बोलावून दिली आणि दारातून हात केला. त्याची खंत मला त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर पहिल्यांदा झाली.

वॉशिंग्टनला रात्री साडेदहाला पोचलो आणि न जेवता झोपलो.

दिवस चौथा : हँगर आणि डलेस

स्मिथसोनियनच्या विमान संग्रहालयाची मोठी शाखा, उडवार-हेझी केंद्र, शहराबाहेर व्हर्जिनियात डलेस विमानतळाला लागून आहे. प्रवेश फुकट, गाडी आणली तर पार्किंगचे पैसे. शहरातून मेट्रोची सिल्व्हर लाइन आता विमानतळापर्यंत जाते, तिथून ९८३ क्रमांकाची बस. अर्धा दिवस तरी ठेवा, आणि पायांत चांगले बूट घाला. व्हीलचेअर मिळते. बाबांनी आधी नाही म्हटलं, तासाभरानं हो म्हटलं.

आत पाऊल टाकल्यावर बाबांना कुठे बघावं कळेना. बोइंग ३०७ स्ट्रॅटोलायनर, आरशासारखं चकचकीत, केबिनमध्ये हवेचा दाब राखणारं पहिलं प्रवासी विमान. लष्करी वापरातलं एक कॉन्स्टेलेशन. एअर फ्रान्सचं काँकॉर्ड. आणि त्यांच्या मधोमध पिवळ्या-तपकिरी रंगाचं "डॅश ८०", म्हणजे बोइंग ७०७ चा मूळ नमुना, १५ जुलै १९५४ ला पहिल्यांदा उडालेला. पुढच्या वर्षी सिएटलच्या तळ्यावर वैमानिक टेक्स जॉन्स्टन यानं कंपनीच्या साहेबांसमोर ते हवेत सबंध गोल फिरवलं, तेच हे.

तिथे मार्गदर्शन करणारे स्वयंसेवक बहुतेक निवृत्त वैमानिक किंवा तंत्रज्ञ असतात. आम्हाला भेटले ते नव्वदीला टेकलेले, ७०७ वर फ्लाइट इंजिनिअर होते. मुंबईहून आलो म्हटल्यावर चेहरा उजळला. साठच्या दशकात ते सांताक्रूझला कितीतरी वेळा उतरले होते. बाबा खुर्चीतून पुढे झुकले. "रविवारी संध्याकाळी कधी?" मी भाषांतर केलं. आजोबांनी आठवून सांगितलं : नाही, नेहमी पहाटे दोन-तीनला. दार उघडलं की दमट, मातीचा आणि खाडीचा वास यायचा. बाबांचा चेहरा जरा पडला. पहाटे दोनला गॅलरीत कोण नेणार? पण वास बरोबर ओळखला, असं ते नंतर दोनदा म्हणाले.

७०७ खाली आम्ही बराच वेळ होतो. २४ जानेवारी १९६६ ला आपलं कांचनजंगा नावाचं ७०७ आल्प्समध्ये माँ ब्लाँवर आदळलं, ११७ जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभा. त्याच्या पंधरा वर्षं आधी, १९५० मध्ये, ते पहिलं मलबार प्रिन्सेसही त्याच डोंगरावर ४८ जणांसह गेलं होतं. कांचनजंगा आदळलं तेव्हा काका अमेरिकेतून सुट्टीला यायचे होते. आजीनं तार करून कळवलं, "बोटीने ये." ते आले विमानानंच, पण विमान उतरल्याचं कळेपर्यंत आजीनं पाणीही घेतलं नव्हतं. आज आपण विमान उतरताना चपला शोधत असतो. ही निर्धास्ती त्या दिवसांत कुणाकडे नव्हती, आणि ती मला मुळीच कमी मोलाची वाटत नाही.

संध्याकाळी डलेसच्या मुख्य इमारतीत गेलो. हीसुद्धा सारिनेनचीच, नोव्हेंबर १९६२ मध्ये उघडलेली. त्यानं हीही पुरी झालेली पाहिली नाही. न्यूयॉर्कची इमारत वर उडते, ही टांगलेली आहे : बाहेर झुकलेल्या खांबांच्या दोन रांगा आणि त्यांच्यामध्ये दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखं झोळ पडलेलं छप्पर. बाबा म्हणाले, "तिथे काँक्रीट दाबात होतं, इथे ताणात आहे. एकाच माणसानं दोन्ही केलं." पलीकडे प्रवाशांना विमानापर्यंत नेणारी चाकांवरची दालनं होती. तीही त्याचीच कल्पना, आणि त्यांतली काही अजून चालतात. प्रवाशानं चालायचं नाही, खोलीच चालत जाईल. १९९६ मध्ये इमारत दुप्पट लांब केली तेव्हा तीच चादर पुढे ताणली. सांधा आम्हाला सापडला नाही, आणि बाबांनी तो नीट शोधला होता.

ऊन काचांतून तिरकं आत आलं होतं. बाबा एका बाकावर बसले, खिशातून पेन काढलं आणि न्यूयॉर्कच्या हॉटेलच्या दुकानातून घेतलेलं पोस्टकार्ड मांडीवर ठेवून काहीतरी लिहिलं. मला दाखवलं नाही. तिकीट लावून पेटीत मीच टाकलं, पण पत्ता वाचायचा नाही असं बजावलं होतं.

आम्ही पार्ल्याला परतल्यानंतर नऊ दिवसांनी ते आलं. आमचाच पत्ता, नाव काकांचं. काका २०१६ मध्ये ओहायोत वारले. मागे, बाबांच्या सरळ ड्रॉइंगच्या अक्षरात, एकच ओळ होती : "दादा, काचा बसवल्या आहेत."

आता ते डब्यात आहे.